जागेच्या एजंट चांगल्या आहेत, पण जिना सांभाळून चढा

आधी जिन्याचं सांगतो, नंतर मला कोणी शिव्या घालायला नको. ऑफिस बेळगावात टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं, खाली झेरॉक्सचं दुकान आणि बाजूनं वर जाणारा लोखंडी जिना, तो इतका उभा की आईला घेऊन गेलो तेव्हा ती तिसऱ्या पायरीला थांबली आणि म्हणाली, तू जा बा वर, मी हितंच बसतो. मी वर जाऊन सांगितलं आई खाली आहे, तर बाई फाईल घेऊन सरळ खाली आल्या, झेरॉक्सवाल्याकडनं एक स्टूल मागून घेतलं आणि आमची पहिली मीटिंग त्या मशीनच्या घरघरीत झाली. वरचा एसी काय मला घराची नोंदणी होईपर्यंत नीट बघायला मिळाला नाही, कारण आई प्रत्येक वेळी सोबत.

नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. ऑफिसातली पोरं त्यांना अक्का म्हणतात, आम्हीपण तेच म्हणायला लागलो. वय पन्नाशीच्या आसपास. ऑफिसात दोन पोरं, एक पोरगी आणि त्या, एवढाच कारभार.

आता आम्ही का गेलो ते. आमचं घर वडगावला, खाली पूर्वी माग होते, आता माग नाहीत पण त्या खोलीत अजून तेलाचा वास येतो. दोघं भाऊ, दोघांची दोन दोन पोरं, आईवडील, बाथरूम एक. मी उद्यमबागला मशीनशॉपला आहे, सकाळी सातची शिफ्ट, तर साडेपाचला बाथरूमसाठी नंबर लावायला लागायचा. २०२४ च्या गणपतीत भावानंच विषय काढला की तुझं तू बघ, तुझा वाटा पैशात देतो. बजेट माझं ओढूनताणून साठ लाख, त्यातलं निम्म्याहून जास्त बँकेचं.

बेळगावात एजंटची काय कमी आहे का, पानपट्टीवाला एजंट, रिक्षावाला एजंट, विमा विकणारा एजंट, लग्नात शेजारी जेवायला बसलेला पाहुणापण जिलेबी खाताखाता विचारतो साईट बघूलालाय काय. माझ्या चुलतभावानं २०१८ ला अशाच एकाकडनं बाँडवर जागा घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाँडवर म्हणजे शंभर रुपयाच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की झालं, खरेदीखत नाही, खाते उतारा नाही, शेतातच दगड रोवून तीस बाय चाळीसचे तुकडे पाडलेले. पैसे गेले, जागेवर पत्र्याची शेड आहे, नावावर आजपर्यंत काही नाही आणि तो एजंट फोन उचलत नाही. त्यामुळे एजंट म्हटलं की आमच्या घरात आधी शिवी आणि मग बाकीचं.

अक्कांकडं मला आमच्या शॉपमधल्या एका टर्नरनं पाठवलं. तो म्हणाला बाई जागा कमी दाखवतात आणि नको जास्त म्हणतात. तसंच निघालं.

पहिल्या दिवशी जागा दाखवलीच नाही. एक जुनी पहाणी काढली, म्हणजे आरटीसी, आपल्या पलीकडच्या पाहुण्यांच्या भाषेत सातबारा, आणि पोराला सांगितलं वाच. ते पोरगं ओळीवर बोट ठेवून आधी कन्नडमध्ये वाचायचं, मग मराठीत सांगायचं, नऊ नंबरच्या रकान्यात मालक कोण, अकरामध्ये बोजा काय, सोसायटीचं कर्ज आहे का, कोर्टाचा काही स्टे आहे का. मला कन्नड बोलायला फाडफाड येतं, कारखान्यात दिवसभर तेच, पण वाचायचं म्हटलं की गाडी अडते, आणि आमच्या वडगाव शहापूरकडं माझ्यासारखे किती असतील ते तुम्हीच बघा. सही करतोय ते कशावर हेच कळत नाही, शेजारी बसलेला सांगेल ते खरं. अक्कांचा नियम असा की ऑफिसातला कुठलाही कागद गिऱ्हाइकाला ओळ न ओळ वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, मग अर्धा तास जाऊ दे नाहीतर दोन तास. आईला एवढा वेळ कोणी कागद वाचून दाखवला नव्हता, ती मधेच म्हणाली, पोथी वाचल्यागत वाचतोय की ओ.

माझ्या मेव्हण्याला पिरनवाडीकडं एक जागा आवडली होती, निम्म्या किमतीत. अक्कांनी पहाणी बघितली, एनए म्हणजे बिगरशेती झालेलं नाही, ई-स्वत्तूचा म्हणजे पंचायतीचा ऑनलाइन मालमत्तेचा उतारा नाही, लेआउट मंजूर नाही. पाच मिनिटांत फाईल परत. मेव्हणा म्हणाला सगळं होतंय ओ, सरकार कधीतरी रेग्युलर करतंयच. अक्का म्हणाल्या करील की, झालं की मला कळवा, मी पेढे घेऊन येतो. विषय संपला. हिंडलग्याकडं एक फ्लॅट बघितला, तिथं साईटवरचा माणूस आधी वीस टक्के भरा मग करार करू म्हणत होता, अक्कांनी त्याला एवढंच विचारलं की रेरात, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवरच्या कायद्यात, दहा टक्क्याच्या वर नोंदणीकृत कराराशिवाय घेता येतं का, त्यानं मॅनेजरला फोन लावला आणि आम्ही गाडीत बसलो.

मग वडगावचीच एक जागा आली. माझ्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. वडिलोपार्जित, तीन भावांची, वर जुनं कौलारू घर, किंमत जमली, आई तर खूशच, तिची भजनी मंडळी सोडायला लागणार नव्हती. कागदाचं काम ऑफिसातल्या थोरल्या पोराकडं होतं. वंशावळ आली, त्यात तीन भावांची नावं, उतारा जुळतोय, बोजा नाही. इसाराचा दिवस ठरला. मी पाच लाखाचा डीडी काढून खिशात घालून गेलो, दर दोन मिनिटाला खिसा चाचपत.

त्यांच्याच घरी बसलो. चहा आला. कोपऱ्यात त्यांची आई बसलेली, ऐंशीच्या पुढची, कोणी तिच्याकडं बघत नव्हतं. आणि ती म्हातारी सहज, स्वतःशीच म्हटल्यागत, म्हणाली, "थोरलीला सांगितलं का रे?"

अक्कांचा कप बशीत तसाच राहिला. थोरली म्हणजे कोण ओ आई? भाऊ लगेच, अहो ती कोल्हापूरला दिलीय, तीस वर्षं झाली, तिचं काय हाय हितं, दिल्या घरी सुखात हाय. दुसरा म्हणाला लग्नात पंधरा तोळं घातलंय. अक्कांनी फाईल बंद केली. आवाज वट्ट चढवला नाही. म्हणाल्या, २००५ ला कायदा बदललाय, वडिलोपार्जितात पोरीचा हक्क पोराएवढाच, २०२० ला सुप्रीम कोर्टानं परत सांगितलंय की तो जन्मापासून आहे, तुमच्या बहिणीला आणा, तिची सही होऊ द्या, मी आठवडाभर थांबतो. भाऊ भडकले. मधला उठून उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही दलाल हाय ना, दलाली घ्या आणि गप्प बसा, आमच्या घरात कशाला घुसूलालाय. ते बोलणं मलासुद्धा लागलं. अक्कांनी राहिलेला चहा संपवला, म्हातारीच्या पाया पडल्या आणि बाहेर आल्या.

बाहेर आल्यावर काय झालं ते मला जास्त सांगायचंय. ज्या पोरानं वंशावळ तपासली होती तो पांढराफटक पडला होता. आता याची आहे असं मला वाटलं, कारण आमच्या शॉपमध्ये एक जॉब रिजेक्ट झाला की सुपरवायझर (म्हणजे मीच) चारचौघांत काढतो तसा हा पण खाणार. अक्का माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, चूक माझी आहे, वंशावळीवर बहिणीचं विचारलं का हे मी बघायला पाहिजे होतं, डीडी रद्द करायचा बँकेचा खर्च माझ्याकडं लावा. पोराचं नावच काढलं नाही. मी आपलं राहू दे म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी पैसे आले, दोनशे काहीतरी रुपये.

तिसऱ्या दिवशी माझे कागद आणायला गेलो तर ते पोरगं जुन्या सगळ्या फायली पसरून बसलेलं, एकेका मालकाला फोन लावून विचारत होतं, घरात बहिणी किती, आत्या किती, कोण कुठं दिलीय. अक्का शेजारी बसून पोहे खात ऐकत होत्या. त्यांना म्हटलं शिक्षा लावली काय? म्हणाल्या, शिक्षा कसली, आता बेळगावात आत्या मोजायला याच्यासारखा माणूस मिळायचा नाही.

ती जागा पुढं दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या एजंटकडनं घेतली असं ऐकलं. अक्कांची दलाली बुडाली, माझे दोन महिने गेले. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोवर चिडलो, काही कारण नसताना. नोव्हेंबर गेला, डिसेंबरात सुवर्णसौधला विधानसभेचं अधिवेशन, मग कुठल्याही ऑफिसात जावा, साहेब अधिवेशनाच्या ड्युटीला. अक्का मात्र दर सोमवारी सकाळी दहाला फोन करायच्या, काही नवीन नसलं तरी. या आठवड्यात दाखवण्यासारखं काही नाही, एवढं सांगायला पण फोन. मला आधी ते विचित्र वाटायचं, नंतर सवय झाली.

शेवटी अनगोळला घर मिळालं. तीन गुंठ्याला जरा कमी जागा, जुनं पण भक्कम बांधकाम, मागं विहीर, मालक पुण्याला. अठ्ठावन्न लाखाला ठरलं. ऑक्टोबर २०२४ पासनं ई-खात्याशिवाय, म्हणजे महापालिकेच्या ऑनलाइन मालमत्ता उताऱ्याशिवाय, नोंदणी होत नाही, ते मालकाकडं नव्हतं, महापालिकेत त्या कामाला महिना गेला, ऑफिसातली पोरगी रोज जाऊन उभी राहायची. बँकेचं लीगल झालं, लोन झालं, कावेरीवर, म्हणजे सरकारच्या नोंदणीच्या पोर्टलवर, अपॉइंटमेंट मिळाली. मालक पुण्याहून रात्रीच्या बसनं आले.

आणि सर्व्हर बंद.

२०२५ च्या जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला ज्यांची नोंदणी होती त्यांना आठवत असेल, अख्ख्या कर्नाटकात कावेरी पोर्टल झोपलं होतं, नंतर सरकारनं सांगितलं सायबर हल्ला झाला म्हणून. आम्हाला त्या दिवशी काय माहीत, बाकड्यावर बसून होतो, शंभरेक माणसं, एक नवरानवरी सुद्धा होती लग्न नोंदवायला आलेली. मालकांचं डोकं फिरलं. त्यात त्यांना त्याच दिवशी कळलं की मी एक टक्का टीडीएस, म्हणजे त्यांच्या नावानं भरायचा आयकर, कापून देणार, पन्नास लाखाच्या वरच्या व्यवहाराला कापायलाच लागतो, पण त्यांना वाटलं हा माणूस शेवटच्या क्षणी अठ्ठावन्न हजार खातोय. सगळ्यांसमोर आवाज. अक्कांनी त्यांना बाजूला नेलं, मोबाईलवर फॉर्म २६ क्यूबी कसा भरतात ते दाखवलं, पैसे त्यांच्याच पॅनला जमा दिसणार, रिटर्नला मिळणार, आणि मग जेवायला घेऊन गेल्या. दीड तासानं मालक परत आले ते कुंद्याचा डबा घेऊन, पुण्याला न्यायला. त्या दिवशी नोंदणी झाली नाहीच, ते आणखी एकदा आले तेव्हा झाली, पण आले हे महत्त्वाचं.

ते जेवायला गेले तेव्हा मी आणि ऑफिसातला थोरला पोरगा बाकड्यावर. तो म्हणाला हे काय बघूलालाय, लॉकडाऊनमध्ये बघायला पाहिजे होतं. मग त्यानं सांगितलं. अक्कांनी सुरुवात केली ती मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या पोरांना भाड्यानं खोल्या बघून देण्यापासनं, नवऱ्याचा पॉवरलूमचा धंदा बसला म्हणून. उपनोंदणी कचेरीच्या दारात बाई एजंट म्हणून लोक हसायचे. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटा बंद झाल्या त्या आठवड्यात त्यांचे ठरलेले चार सौदे मोडले, लोकांनी रोख ठेवलेली. पुढच्या वर्षी रेरा आला, बाकीचे म्हणाले आपल्याला काय करायचंय, यांनी फी भरून एजंट म्हणून नोंदणी करून घेतली, ते सर्टिफिकेट वर भिंतीवर आहे (असं म्हणतात, मी म्हटलं ना, वर फार बसलोच नाही). २०१९ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा बळ्ळारी नाल्याच्या बाजूला त्यांनीच विकून दिलेल्या एका घरात कमरेएवढं पाणी, त्या दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन तिथं हजर, घरमालकीण वाट्टेल ते बोलली, ह्यांनी उभं राहून ऐकून घेतलं. तेव्हापासनं नाल्याकडची जागा त्या घेतच नाहीत, कितीही दलाली मिळू दे.

आणि मग २०२०. मार्चमध्ये सगळं बंद. एप्रिलच्या शेवटी अक्कांनी तिघांना बोलावलं, बँकेचं पासबुक टेबलावर उघडून ठेवलं आणि म्हणाल्या, एवढं शिल्लक आहे, ऑफिसचं भाडं एवढं, तुम्हाला निम्मा पगार दिला तर पाच महिने जाईल, मी काही घेत नाही, तुम्हाला दुसरीकडं काम मिळालं तर जावा, राग नाही. पोरगा म्हणाला, ओ, मालकाचं पासबुक मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. कोणी गेलं नाही. कचेऱ्या उघडल्यावर मग सौदे नव्हते तर त्यांनी लोकांची अडकलेली कामं घेतली, कोणाचं वारस नोंद राहिलेलं, कोणाला ईसी, म्हणजे जागेवरच्या बोजाचा दाखला, काढून पाहिजे, कोणाचं खातं बापाच्या नावावरनं उतरायचंय, पाचशे हजार रुपयाची कामं. त्यातनंच ऑफिस तगलं आणि त्यातनंच ही कागद वाचायची सवय लागली.

आता वाईट. नुसतं चांगलं लिहिलं तर मी त्यांचा पाहुणा वाटेन.

एक, दुपारी एक ते चार फोन लागत नाही. बेळगाव झोपतं ते मान्य, पण माझी शिफ्ट तीनला सुटते, मला तेवढाच वेळ. दोन, साईट दाखवायला दहाची वेळ दिली की पावणेअकरा धरून चाला. दलालीत एक रुपया कमी करत नाहीत, एक टक्का म्हणजे एक टक्का, मी आईला पुढं केली तरी नाही. तीन, बोलतात फार. सरळ उत्तर पाहिजे असेल तर आधी एखाद्या जुन्या सौद्याची गोष्ट ऐकायची तयारी ठेवा.

आणि विहीर. घर दाखवताना अक्का म्हणालेल्या विहिरीला बारमाही पाणी आहे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बादली सोडली तर खडखड आवाज. मी रागानं फोन केला, सकाळी, दहाच्या आत. त्या संध्याकाळी आल्या, बॅटरी मारून विहिरीत बघितलं, आणि म्हणाल्या, मालकानं सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं, स्वतः उन्हाळ्यात बघितलेलं नव्हतं, असं बोलायला नको होतं. गाळ काढणारा माणूस पाठवते म्हणाल्या, पाठवला, पण पैसे मीच दिले, आणि गाळ काढल्यावरही मे महिन्यात टँकर मागवायला लागला. कागद एवढा तपासणाऱ्या बाईंनी पाणी न बघता सांगावं याचा राग माझा अजून गेलेला नाही. याचा एक तारा कापतोय. पाचातले चार.

एक नशिबानं वाचलं, ते पण सांगतो. ३१ ऑगस्ट २०२५ पासनं नोंदणी फी एक टक्क्याची दोन टक्के झाली. आमचं फेब्रुवारीत झालं म्हणून, नाहीतर अजून अठ्ठावन्न हजार. त्यात अक्कांचं काही नाही, पण त्यांनी त्या दिवशी मुद्दाम फोन करून सांगितलं, बघा, वडगावच्या भावांनी वेळ घालवला तरी सुटलात.

जाणार असाल तर चारनंतर जावा, शनिवारी बाजाराची गर्दी असते गाडी लावायला जागा नाही. झेरॉक्स नेऊ नका, मूळ कागद न्या, झेरॉक्स तो खालीच काढून घेतो. आणि वारसाची जागा विकायची असेल तर घरातल्या आत्यांची यादी आधीच करून न्या, ते पोरगं सोडत नाही. मी गेल्या महिन्यात भावाच्या कामासाठी गेलो होतो, वडगावच्या घराचं आमच्या दोघांत वाटणीपत्र करायचं होतं. त्यानं पेन उघडलं आणि पहिलाच प्रश्न, "काका, तुम्हाला बहीण किती?"

एक आहे. निपाणीला दिलीय. तिला मी विचारलंच नव्हतं.